एबीएम की ॲड सर्व्हर? तुलनेचा तक्ता वाचण्याआधी एकक तपासा

'अमुक आणि तमुक यांचा तुलनात्मक अभ्यास' हे शीर्षक आपल्याकडच्या सिनॉप्सिसमध्ये किती वेळा दिसतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. दोन बँका घ्या, दोन जिल्हे घ्या, दोन ॲप घ्या, मध्ये 'आणि' टाका, की विषय तयार. गाईड म्हणतात बरं आहे, आरआरसीत दोन-चार प्रश्न येतात, आणि मग पुढची चार वर्षं तुम्ही त्या 'आणि'चं ओझं वाहत बसता. कारण त्या दोन गोष्टी एकाच फूटपट्टीने मोजता येतात का, हे सुरुवातीला कुणी विचारलेलंच नसतं.

आज अशीच एक तुलना घेऊ आणि तिची नीट चिरफाड करू: अकाउंट-बेस्ड मार्केटिंगचं सॉफ्टवेअर विरुद्ध ॲड सर्व्हिंगचं सॉफ्टवेअर. धंद्यासाठी सॉफ्टवेअर निवडणाऱ्यांसाठी जे तुलनेचे तक्ते बनतात, त्यांत ही दोन्ही शेजारी-शेजारी मांडलेली दिसतात. एमबीएचे प्रोजेक्ट आणि व्यवस्थापनातले सिनॉप्सिस या तक्त्यांवरून सर्रास उभे राहतात, म्हणून हा विषय.

माझं एमएस्सी वनस्पतिशास्त्रातलं. मग मी मार्केटिंगमध्ये नाक का खुपसते आहे? कारण या तुलनेतला मूळ दोष शेतातल्या वाफ्यावरून चटकन कळतो. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते: ही तुलना आज ज्या पद्धतीने होते, ती जवळपास निरर्थक आहे. पण तिच्या पोटात एक चांगला संशोधन-प्रश्न दडलेला आहे, आणि तो बाहेर काढणं अवघड नाही.

आधी दोन्ही गोष्टी नीट समजून घेऊ

ॲड सर्व्हर म्हणजे जाहिरात दाखवणारं आणि मोजणारं यंत्र. तुम्ही एखादी बातमीची साइट उघडता. पान लोड होत असताना तुमचा ब्राउझर साइटच्या ॲड सर्व्हरला विचारतो, "या चौकटीत काय दाखवू?" सर्व्हर त्या क्षणी हातात असलेल्या जाहिराती तपासतो. कोणत्या करारातली किती दर्शनं अजून द्यायची बाकी आहेत, ही जाहिरात पुण्यातल्या वाचकासाठी आहे की नागपूरच्या, याच माणसाला ती आज आधीच तीनदा दाखवली आहे का, यापेक्षा जास्त पैसे देणारं कुणी आहे का. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. एक जाहिरात निवडली जाते आणि वहीत नोंद पडते: एक इंप्रेशन. तिकडे जाहिरातदाराचा स्वतःचा वेगळा ॲड सर्व्हर असतो, तोही आपल्या वहीत नोंद करतो. या दोन वह्या तंतोतंत जुळत नाहीत. दहा टक्क्यांपर्यंतची तफावत या धंद्यात सहसा चालवून घेतात.

हा इतिहास फार जुना नाही. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी हॉटवायर्ड या साइटवर एटी अँड टी कंपनीची बॅनर जाहिरात लागली, आणि तिथून वेबवरच्या बॅनरचा जमाना सुरू झाला असं मानतात. १९९६ मध्ये डबलक्लिक आली. २००७ मध्ये गूगलने ती ३.१ अब्ज डॉलरला घेण्याचं जाहीर केलं आणि २००८ मध्ये व्यवहार पूर्ण झाला. आज साइटवाले जे गूगल ॲड मॅनेजर वापरतात, ते त्याच झाडाची फांदी. फुकट आणि मुक्त स्रोत हवं असेल, तर रिव्हाइव्ह ॲडसर्व्हर आहे.

आता एबीएम. ही मुळात एक विक्रीची पद्धत आहे, सॉफ्टवेअर नंतर आलं. एक कंपनी दुसऱ्या कंपनीला माल किंवा सेवा विकते, तेव्हा गिऱ्हाईक लाखो नसतात, मोजकेच असतात. शिवाय निर्णय एक माणूस घेत नाही. खरेदी विभाग, वित्त विभाग, आयटीवाले आणि प्रत्यक्ष वापरणारे, सगळ्यांनी मान डोलवल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. मग सगळ्या जगाला ओरडून सांगण्यापेक्षा आधी दोनशे कंपन्यांची यादी करा आणि प्रत्येक कंपनीला एक 'अकाउंट' समजून तिच्याभोवतीच मेहनत घ्या, हा एबीएमचा गाभा. आयटीएसएमए या संस्थेने २००० च्या दशकाच्या सुरुवातीला हे नाव रूढ केलं. डिमांडबेस, सिक्ससेन्स, टर्मिनस ही सॉफ्टवेअर त्यानंतरची. ती काय करतात? यादी करायला मदत करतात. कोणत्या कंपनीतले लोक सध्या तुमच्या विषयाचं वाचन करत आहेत याचा अंदाज बांधतात, त्याला 'इंटेंट डेटा' म्हणतात. त्या कंपनीच्या माणसांना जाहिराती दाखवतात, आणि विक्रीवाल्याला निरोप देतात की आज या कंपनीला फोन कर.

थोडक्यात, ॲड सर्व्हर विचारतो, "या चौकटीत आत्ता कोणती जाहिरात?" एबीएम विचारतं, "या वर्षी कोणती कंपनी?" एकाचा हिशेब मिलिसेकंदांत चालतो, दुसऱ्याचा महिन्यांत.

तक्ता काय सांगतो, काय लपवतो

अशा तुलनेच्या तक्त्यात साधारणपणे तीन गोष्टी असतात: सुविधांच्या रांगा आणि त्यांपुढे बरोबरच्या खुणा, वापरणाऱ्यांनी दिलेले तारे, आणि 'गुंतवणुकीवरचा परतावा' या नावाचा एखादा आकडा. तिन्ही एकेक करून तपासू.

सुविधांच्या रांगेत 'टार्गेटिंग' असं लिहिलेलं असतं आणि दोघांपुढेही बरोबरची खूण. आता ॲड सर्व्हरमधलं टार्गेटिंग म्हणजे चौकट, वेळ, गाव, उपकरण यांवरून केलेली निवड. एबीएममधलं टार्गेटिंग म्हणजे कंपनीची निवड. शब्द एक, अर्थ दोन. 'रिपोर्टिंग'चंही तेच. संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर चलाची कार्यात्मक व्याख्याच दिलेली नाही. तुमच्या प्रश्नावलीत 'समाधान' असा शब्द असेल आणि तो कसा मोजायचा हे लिहिलेलं नसेल, तर व्हायवाला काय होतं ते तुम्ही जाणताच.

ताऱ्यांबद्दल दोन प्रश्न विचारा. तारे कुणी दिले? ज्यांनी ते सॉफ्टवेअर घेतलं आणि अजून वापरत आहेत, त्यांनी. कंटाळून सोडून गेलेले फारसे परत येऊन मत लिहीत नाहीत. शिवाय काही ठिकाणी मत लिहिण्याबद्दल गिफ्ट कार्डही मिळतं. दुसरा प्रश्न: दोन्हीकडे तारे देणारे एकाच जातीचे आहेत का? नाहीत. ॲड सर्व्हरला तारे देतो तो साइटच्या जाहिरात विभागात बसलेला माणूस, ज्याला कोड चालतो की नाही याची काळजी. एबीएमला तारे देतो मार्केटिंगचा व्यवस्थापक, ज्याला साहेबाला रिपोर्ट दाखवायचा असतो. एकाने ४.५ दिले आणि दुसऱ्याने ४.२, यातून ०.३ ची वजाबाकी करणं म्हणजे हापूसच्या गोडीतून लिंबाचा आंबटपणा वजा करणं.

तरीही नेमकी हीच वजाबाकी सिनॉप्सिसमध्ये येते. शंभर जणांना पाच-बिंदूंची प्रश्नावली, शून्य परिकल्पना 'दोन्ही सॉफ्टवेअरच्या परिणामकारकतेत लक्षणीय फरक नाही', मग टी-टेस्ट. गणित अचूक असतं. पण सॉफ्टवेअरमध्ये आकडे टाकले की उत्तर येतंच, प्रश्न चुकीचा असला तरी येतं. आपल्या कामातला सगळ्यात मोठा धोका तोच आहे.

वाफ्यातली रोपं आणि एकक

आता माझ्या विषयाकडे येते. समजा तुम्हाला एक खत तपासायचं आहे. दोन वाफे घेतले. एकात खत घातलं, एकात नाही. दोन्हींत पन्नास-पन्नास रोपं लावली आणि महिन्याने सगळ्यांची उंची मोजली. तुमच्याकडे शंभर आकडे आहेत. नमुना किती? शंभर? नाही. खत तुम्ही रोपाला दिलेलं नाही, वाफ्याला दिलंय. म्हणजे प्रत्येक बाजूला नमुना एक. खताच्या वाफ्यावर दुपारचं ऊन जास्त येत असेल, तर पन्नासच्या पन्नास रोपं एकत्रच उंच होतील आणि तुम्ही म्हणाल, वा, काय खत आहे!

स्ट्युअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या चुकीला 'स्यूडोरेप्लिकेशन' म्हणजे खोटी पुनरावृत्ती असं नाव दिलं. त्यांनी परिसंस्थाशास्त्रातले १७६ प्रायोगिक अभ्यास तपासले. त्यांतल्या २७ टक्क्यांत ही चूक होती, आणि ज्यांनी अनुमानाची सांख्यिकी वापरली होती त्यांच्यापुरतं बोलायचं तर ४८ टक्क्यांत. छापून आलेल्या शोधनिबंधांची ही गत, तर तक्त्यांची काय सांगावी.

एबीएममध्ये 'वाफा' म्हणजे कंपनी. तुम्ही मोहीम कंपनीवर राबवता. एका कंपनीतल्या पन्नास माणसांनी जाहिरात पाहिली, तर ती पन्नास स्वतंत्र निरीक्षणं नाहीत. ती एकाच छताखाली बसतात, एकमेकांशी बोलतात, एकाच बजेटने बांधलेली असतात. सर्वेक्षणाच्या शास्त्रात यासाठी 'डिझाइन इफेक्ट' नावाचा साधा हिशेब आहे: १ अधिक, गटातली माणसं वजा १ गुणिले गटांतर्गत सहसंबंध. समजा १०० कंपन्या, प्रत्येकीत ५० माणसं, म्हणजे ५००० माणसं. सहसंबंध फक्त ०.१ धरा. डिझाइन इफेक्ट येतो ५.९. म्हणजे तुमच्या ५००० माणसांची माहिती खऱ्या अर्थाने सुमारे ८५० माणसांइतकीच. सहसंबंध ०.३ असेल, तर जेमतेम ३२० माणसांइतकी.

आणि शेवटी मोजायचं काय असतं? करार झाला की नाही. तो तर कंपनीचाच होतो, माणसाचा नाही. मग नमुना थेट १०० वर येतो.

हे आकड्यांत बघू. समजा २०० कंपन्या घेतल्या, १०० वर एबीएम, १०० तशाच सोडल्या. सोडलेल्यांपैकी १० टक्क्यांनी करार केला, एबीएमवाल्यांपैकी १५ टक्क्यांनी. साहेब खूश! करार दीडपट झाले! पण ९५ टक्के विश्वासमर्यादा काढली, तर फरक येतो ५ टक्के, कमी-अधिक ९.१. म्हणजे खरा परिणाम उणे ४ पासून अधिक १४ पर्यंत कुठेही असू शकतो. एवढाच फरक ८० टक्के खात्रीने पकडायचा, तर प्रत्येक बाजूला सुमारे ६८० कंपन्या हव्यात. आणि ज्याच्याकडे १३००-१४०० संभाव्य गिऱ्हाईक कंपन्या आहेत, त्याला 'मोजकीच गिऱ्हाईकं' हा एबीएमचा मूळ युक्तिवादच फारसा लागू पडत नाही. पेच लक्षात आला? एबीएम जिथे सगळ्यात योग्य, तिथेच ते चालतं की नाही हे सिद्ध करणं सगळ्यात अवघड.

ॲड सर्व्हरची बाजू उलटी. तिथे निरीक्षणांचा तुटवडा नाही. दोन जाहिराती पाच-पाच लाख वेळा दाखवल्या, एकीवर हजारात १ क्लिक आणि दुसरीवर हजारात १.२ आले, तर हा बारीक फरकही कागदावर स्पष्ट दिसतो. पण इथेही दोन खड्डे आहेत. पहिला, एकाच माणसाला दहा वेळा दाखवलेली जाहिरात म्हणजे पुन्हा वाफ्यातली रोपंच. म्हणून वाटणी दर्शनांची नाही, माणसांची करावी लागते. दुसरा, क्लिक म्हणजे विक्री नव्हे. जे सहज मोजता येतं तेच महत्त्वाचं आहे असं वाटायला लागतं, आणि इथेच मेख आहे.

'नाहीतर काय झालं असतं?'

परताव्याचा आकडा पाहिला, की हा एकच प्रश्न विचारायची सवय लावून घ्या. जाहिरात दाखवली आणि माणसाने माल घेतला. ठीक. दाखवली नसती तर घेतला नसता का?

ईबेमधल्या प्रयोगाची गोष्ट यासाठी प्रत्येकाने वाचावी. ब्लेक, नोस्को आणि टाडेलिस यांचा हा निबंध २०१५ मध्ये इकोनोमेट्रिका या नियतकालिकात आला. लोक सर्च इंजिनमध्ये 'ईबे' असं टाइप करतात, तेव्हा वर ईबेचीच जाहिरात दिसायची आणि तिचे पैसे ईबे भरायची. त्यांनी ती जाहिरात बंद करून पाहिली. जाहिरातीवरून येणारे ९९.५ टक्के लोक खालच्या साध्या लिंकवरून तसेच येत राहिले! बाकीच्या शब्दांवरच्या जाहिरातींचा परिणामही नव्या किंवा क्वचित येणाऱ्या गिऱ्हाइकांवरच दिसला. नेहमीचे गिऱ्हाईक तसेही येणारच होते, आणि जाहिरातीचा बराचसा खर्च त्यांच्यावरच होत होता.

आता 'इंटेंट डेटा' आठवा. जी कंपनी आधीच तुमच्या विषयाचं वाचते आहे, खरेदीच्या तयारीत आहे, तिलाच हुडकून जाहिरात दाखवायची. मग तिने खरेदी केली, की श्रेय एबीएमला. लग्न ठरलेल्या घरी जाऊन स्थळ सुचवायचं आणि मध्यस्थाची दक्षिणा मागायची, असा प्रकार होऊ शकतो. 'होऊ शकतो' असंच म्हणते, 'होतो' असं नाही. ईबेची गोष्ट घरगुती गिऱ्हाइकांची आहे, कंपन्यांच्या खरेदीची नाही. तिथे लवकर पोहोचल्याने निविदेत नाव लागत असेल, तर फायदा खराही असेल. पण हे तपासावं लागेल, आणि तक्ता ते तपासत नाही.

"मग आमच्याकडे भरपूर डेटा आहे, मॉडेल लावून दुरुस्त करू," असं कुणी म्हणेल. २०१९ मध्ये मार्केटिंग सायन्स या नियतकालिकात गॉर्डन, झेटलमेयर, भार्गव आणि चॅप्स्की यांनी फेसबुकवरचे १५ मोठे प्रयोग घेतले. सुमारे ५० कोटी निरीक्षणं होती. यादृच्छिक प्रयोगातून आलेलं उत्तर एका बाजूला आणि प्रयोगाशिवाय, केवळ निरीक्षणांवर मॉडेल लावून काढलेलं उत्तर दुसऱ्या बाजूला ठेवून त्यांनी ताडून पाहिलं. बऱ्याचदा ती जुळलीच नाहीत. डेटा कितीही मोठा असला, तरी निवडीचा पूर्वग्रह त्यात विरघळून जात नाही.

आणि यादृच्छिक प्रयोग केला, म्हणजे सुटलो असंही नाही. लुइस आणि राव यांनी जाहिरातींचे २५ मोठे प्रयोग तपासले, बहुतेक प्रयोग लाखो ग्राहकांपर्यंत पोहोचलेले. परताव्याच्या विश्वासमर्यादेची रुंदी मध्यकाने १०० टक्के बिंदूंपेक्षा जास्त निघाली. म्हणजे एवढा खटाटोप करूनही अनेकदा 'पैसे दुप्पट झाले की बुडाले' हे नक्की सांगता येत नाही. मग शंभर-दोनशे प्रश्नावल्यांवर 'परिणामकारकता सिद्ध झाली' असं लिहिताना आपला हात जरा अडखळायला हवा.

एक गोष्ट मात्र ॲड सर्व्हरच्या बाजूने नोंदवायला हवी. 'घोस्ट ॲड्स' ही पद्धत जॉन्सन, लुइस आणि नुबमेयर यांनी २०१७ मध्ये मांडली. नियंत्रण गटातल्या माणसाला आपली जाहिरात दाखवायची नाही, पण ती ज्या क्षणी दाखवली गेली असती त्या क्षणाची नोंद यंत्राने ठेवायची. मग 'पाहिलेले' आणि 'पाहिले असते असे' यांचीच तुलना होते. 'नाहीतर काय झालं असतं' या प्रश्नाचं इतकं नेटकं उत्तर क्वचितच मिळतं. जाहिरात निवडणाऱ्या यंत्राकडेच ही क्षमता असते. सुविधांच्या रांगेत खरं तर ही ओळ सगळ्यात वर असायला हवी, पण ती माझ्या वाचनात आलेल्या एकाही तक्त्यात नव्हती.

मोजणारा कोण?

प्रयोगशाळेत आपण तराजू आधी तपासतो. इथेही तेच करायचं.

ॲड सर्व्हरच्या जगात निदान काही सामायिक मापं ठरलेली आहेत. उदाहरणार्थ, मीडिया रेटिंग कौन्सिलच्या निकषाप्रमाणे साधी जाहिरात 'दिसण्याजोगी' धरायची, तर तिचे किमान ५० टक्के पिक्सेल सलग १ सेकंद पडद्यावर यायला हवेत. हा निकष उदार आहे, वाद घालता येईल, पण निदान छापलेला आहे. एबीएममधल्या 'एंगेज्ड अकाउंट' या शब्दाला अशी सर्वमान्य व्याख्या नाही. प्रत्येक सॉफ्टवेअरचं सूत्र आपापलं, बऱ्याचदा झाकलेलं. म्हणजे दोन एबीएम सॉफ्टवेअरची तुलना करतानासुद्धा आकडे एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत. ॲड सर्व्हर तर दूरच.

त्यात ओळख पटवण्याचा घोळ. साइटवर आलेला माणूस कोणत्या कंपनीतला, हे बऱ्याचदा आयपी पत्त्यावरून ताडतात. मोठ्या कंपनीच्या नावावर स्वतःचे पत्ते असतात, ती ओळखू येते. छोटा कारखाना साधं ब्रॉडबँड वापरतो, तो ओळखू येत नाही. मोबाइल नेटवर्कवर एकच सार्वजनिक पत्ता अनेकांमध्ये वाटलेला असतो. आणि कर्मचारी घरून काम करत असेल, तर तो 'कंपनी' राहतच नाही. नमुना आपोआप मोठ्या कंपन्यांकडे झुकतो. हा तुमच्या संशोधनाच्या मर्यादांमधला एक परिच्छेद म्हणून उरकण्याचा विषय नाही, निष्कर्ष बदलणारा विषय आहे.

पण ॲड सर्व्हरलाही मोकळं सोडू नका. १७ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या पूर्व जिल्ह्याच्या संघीय न्यायालयात न्यायाधीश लिओनी ब्रिंकमा यांनी निकाल दिला, की साइटवाल्यांचा ॲड सर्व्हर आणि जाहिरातींचा लिलाव करणारं एक्स्चेंज या दोन बाजारांत गूगलने बेकायदा मक्तेदारी ठेवली आणि या दोन गोष्टी एकमेकांना बांधून विकल्या. याचा आपल्या तुलनेशी काय संबंध? असा, की तक्ता प्रत्येक सॉफ्टवेअरला सुटी वस्तू समजतो. प्रत्यक्षात साइटवाला ॲड सर्व्हर निवडतो तेव्हा त्यामागून येणारी मागणी, लिलाव आणि मोजमाप हे सगळंच निवडत असतो. अमुक ॲड सर्व्हर जास्त लोक वापरतात, म्हणून तो चांगला, हा निष्कर्ष बाजाराची रचना न बघता काढता येत नाही. लोक राहतात ते आवडतं म्हणून, की बाहेर पडता येत नाही म्हणून?

मग तुलना करायचीच नाही का?

करायची. पण जिथे दोघांचं काम खरोखर एकमेकांवर येतं, तिथे. एबीएम सॉफ्टवेअर निवडक कंपन्यांना जाहिराती दाखवतं, हे वर आलंच आहे. तेच काम दुसऱ्या वाटेनेही होतं: लिंक्डइनसारख्या जागी कंपन्यांची यादी अपलोड करायची आणि तिथली जाहिरात-यंत्रणा वापरून फक्त त्यांनाच जाहिरात दाखवायची. आता प्रश्न नीट मांडता येतो: यादी तीच, पैसे तेवढेच, संदेश तोच, तर वाट बदलल्याने फरक पडतो का?

हा प्रश्न घेऊन कुणी सिनॉप्सिस लिहिणार असेल, तर माझ्या मते या पाच गोष्टी त्यात हव्यात:

१. एकक कंपनी. वाटणीही कंपन्यांचीच आणि विश्लेषणही कंपन्यांचंच.

२. तीन गट: एबीएमची वाट, साधी वाट आणि काहीच नाही. तिसरा गट मिळवणं सगळ्यात कठीण, कारण विक्रीवाला म्हणणार, "चांगलं गिऱ्हाईक सोडून कसं द्यायचं?" त्याला सांगा, कायमचं नाही, सहा महिनेच.

३. मोजायचं काय, हे आधी लिहून ठेवा. करार थोडे असतील, तर 'पहिली बैठक झाली की नाही' हे घ्या. पण 'एंगेजमेंट स्कोअर' घेऊ नका. ज्याची परीक्षा घ्यायची त्यानेच पेपर तपासायचा, असं होईल.

४. नमुना किती लागेल हे आधी काढा, आणि तेवढ्या कंपन्या नसतील, तर विषय बदला. हे सांगायला वाईट वाटतं, पण चौथ्या वर्षी कळण्यापेक्षा पहिल्या महिन्यात कळलेलं बरं.

५. खाजगीपणाचा विचार शेवटच्या पानावर ढकलू नका. युरोपात जीडीपीआर आहे, आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. 'आम्ही कंपनीवर लक्ष ठेवतो, माणसावर नाही' हे वाक्य ऐकायला बरं वाटतं. पण वाचतो माणूस, क्लिक करतो माणूस.

आणि ज्यांना संशोधन नाही, फक्त धंद्यासाठी निर्णय घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी उत्तर बरंच साधं आहे. मराठी बातम्यांची साइट चालवत असाल, आपल्या पानावर इतरांच्या जाहिराती लावून पैसे मिळवायचे असतील, तर तुम्हाला ॲड सर्व्हर लागेल. एबीएमशी तुमचा काही संबंध नाही. चाकणला सुटे भाग बनवता आणि तुमचे गिऱ्हाईक बारा वाहन कंपन्या आहेत, तर तुम्ही एबीएमच करत आहात, फक्त तुमचं सॉफ्टवेअर म्हणजे एक डायरी आणि जुनी ओळख. बारा गिऱ्हाइकांसाठी महागडं वार्षिक लायसन्स घेण्याआधी ती डायरी नीट भरा. मधला वर्ग, म्हणजे परदेशातल्या काही शे कंपन्यांना सेवा विकणारी हिंजवडीतली सॉफ्टवेअर कंपनी, तिच्यासाठी मात्र प्रश्न खरा आहे. आणि तिनेच वरचा प्रयोग करून पाहावा.

थोडक्यात, मला या तक्त्यांचा राग त्यांत चुका असतात म्हणून नाही. चुका दुरुस्त होतात. राग याचा आहे, की ते तुलना झाली असा भास देतात आणि विचार तिथेच थांबवतात. शोधप्रबंधात हा भास तीनशे पानांचा होतो, इतकाच फरक.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. तुमच्या सिनॉप्सिसचं शीर्षक एका कागदावर लिहा. त्यातल्या 'आणि'च्या दोन्ही बाजूंना काय आहे ते पाहा. मग तीन ओळी लिहा: माझं एकक कोणतं, माझा नियंत्रण गट कोणता, आणि माझा आकडा कुणी मोजला. तिन्ही ओळी अडखळल्याशिवाय लिहिता आल्या, तर बिनधास्त पुढे जा. एखाद्या ओळीवर अडलात, तर शीर्षक आणि ती अडलेली ओळ, दोन्ही घेऊन गाईडकडे जा. ती चर्चा सुरुवातीला थोडी अवघड वाटेल. पण पुढच्या वेळी दोन वाफ्यांतली शंभर रोपं मोजताना तुमचा हात आपोआप थांबेल, आणि तिथूनच संशोधन सुरू होतं.